निळी की पांढरी? दोन सारख्याच फायबर बोटी, एक कंबर आणि दोन गुडघे

मी ६१ वर्षांचा आणि कंबरेतून अधू. दादा ६८ चा, त्याचे दोन्ही गुडघे पायरी दिसली की कुरकुरतात. मासेमारीची बोट आमच्या दोघांची मिळून. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जो काही निवाडा झाला तो या दुखण्यांनीच केला.

आधीची बोट ११ वर्षं वापरली. ती गेली ट्रान्सममुळे, म्हणजे मागच्या त्या उभ्या भिंतीमुळे, जिच्यावर आउटबोर्ड इंजिन टांगलेलं असतं. फिशफाइंडरचा, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, सेन्सर बदलायला म्हणून एक स्क्रू काढला, तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी गळायला लागलं आणि अर्धा तास गळतच राहिलं. बाहेरून फायबर चकचकीत, आत प्लायवूडचा लगदा. बनवणाऱ्याला कळवलं, तर त्याचं म्हणणं, भोक तुम्ही पाडलंत. ते खरंच आम्ही पाडलं होतं, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. पण त्या दिवशी मी जाहीर केलं की यापुढे ट्रान्सममध्ये लाकूड असलेली बोट घेणार नाही. दादा तेव्हा काही बोलला नाही.

शेवटी यादीत दोन बोटी उरल्या. बनवणाऱ्यांची नावं देत नाही, रंगांवरून ओळखू: एक निळी, एक पांढरी. कागदावर दोघी जुळ्या बहिणी. लांबी निळीची ५.८ मीटर, पांढरीची ५.७५. मध्यभागी कन्सोल, म्हणजे उभं राहून बोट चालवायची जागा, पुढे-मागे मोकळा डेक, ११५ हॉर्सपॉवरचं तेच चार-स्ट्रोक इंजिन, पोटात १४० लिटरची टाकी. दोघींच्या पाटीवर ‘सी’ वर्ग आणि सहा माणसं. ‘सी’ म्हणजे युरोपच्या नियमांप्रमाणे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्टच्या मापावर ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतची लाट. त्या सहा माणसांतला प्रत्येक जण ७५ किलोचा धरलेला असतो. दादा ८४ किलोचा आहे, त्यामुळे आम्ही तो आकडा हसून सोडून दिला. पैशांत फरक होता, पण त्यावर निर्णय फिरावा एवढा नव्हता.

खरा फरक दोन ओळींत होता. मागच्या टोकाशी तळाचा उतार, म्हणजे मधल्या कण्यापासून बाजूंकडे तळ किती चढतो ते, निळीचा २१ अंश, पांढरीचा १६. आणि रुंदी निळीची २.३ मीटर, पांढरीची २.४. पाच अंश आणि दहा सेंटिमीटर. मी ते वाचून पुढचं पान उलटलं होतं, हे कबूल करतो.

निळी पहिल्याच दिवशी आवडली. तिच्यात लाकूड नावाला नव्हतं. ट्रान्सम कॉम्पोझिटचा, आतल्या उभ्या-आडव्या पट्ट्या फायबरच्या, पोकळीत फोम. पांढरीच्या ट्रान्सममध्ये मात्र सरळसरळ मरीन प्लायवूड. विकणाऱ्याने ते लपवलं नाही, उलट कडेचा एक कापलेला नमुनाच हातात ठेवला. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. दादा म्हणाला, “एवढ्या लांब आलोच आहोत, तर बसून तरी बघू.”

पहिली फेरी शांत पाण्यावर झाली, आणि शांत पाण्यावरची फेरी म्हणजे निव्वळ करमणूक. दोन्ही बोटी सुरेख पळाल्या. २२ नॉटला, म्हणजे तासाला २२ सागरी मैलांच्या वेगाला, निळी तासाला साधारण २२ लिटर पेट्रोल पीत होती, पांढरी २०. थांबलेल्या अवस्थेतून पाण्यावर चढायला, म्हणजे नाक खाली येऊन बोट सपाट धावू लागायला, निळीला सहा-एक सेकंद, पांढरीला चार-पाच. विक्रेत्यांना हीच फेरी द्यायची असते. वारा नाही, माणसं दोन, टाकी पाव भरलेली, बर्फाची पेटी रिकामी. अशा बोटीतून मासेमारीला कोण जातं?

म्हणून दुसऱ्या फेरीसाठी आम्ही दोन अटी घातल्या: वारा सुटलेला असला पाहिजे, आणि वजन आमचं. २० लिटरचे पाण्याचे सहा कॅन भरून नेले, ते झाले १२० किलो. टाकी पूर्ण भरायला लावली. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास धरा, म्हणजे आणखी शंभरएक किलो. शिवाय नांगर, त्याची साखळी, रॉड, आणि आम्ही दोघे. विक्रेत्याच्या पोराने विचारलं, “काका, घर बदलताय का?”

त्या दिवशी वारा १५-१६ नॉट होता आणि ओहोटीच्या विरुद्ध, त्यामुळे लाट उंचीला फार नाही, गुडघ्याच्या थोडी वर, पण आखूड आणि उभी. निळीने तिथे मला जिंकलं. २० नॉटला ती लाटेत शिरायची, लाट फाकवायची आणि पुढे जायची. कंबरेला कळायचंसुद्धा नाही. पांढरी त्याच वेगाने त्याच पाण्यात आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा माझे दातच वाजले. तळाला उतार कमी म्हणजे लाटेवर पडताना सपाट थापी मारल्यासारखं होतं. गणित समजायला इंजिनियर व्हावं लागत नाही, मणक्याला बरोबर समजतं. मी थ्रॉटल मागे घेतला आणि दादाला म्हणालो, “निळी.”

तो म्हणाला, “थांब. इंजिन बंद कर.”

बंद केलं. मग तो उठून काठाशी गेला, आपण मासा वर घेताना जसं वाकतो तसा वाकला, आणि मला म्हणाला, “आता माझ्याशेजारी येऊन उभा राहा.” पांढरी थोडी कलली आणि तिथेच थांबली. फोनमध्ये उतार मोजायची सोय असते, ती लावून पाहिलं: ४ अंश. दोघांचं मिळून १५५ किलो एका काठावर, आणि ४ अंश. नंतर निळीत हेच केलं. ७ अंश, आणि त्याहून वाईट म्हणजे ती सावकाश कलली, मग लाट आली तशी आणखी कलली, मग परत आली आणि जरा पलीकडे गेली. दादाने कन्सोलचं कडं धरलं ते सोडलंच नाही. एका हाताने मासेमारी होत नाही.

त्यामागचं कारण धक्क्यावर उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतं. निळी पाण्यावर उभी असताना तिच्या तळाचा आणि बाजूच्या भिंतीचा कोपरा बऱ्याच लांबीपर्यंत पाण्याच्या वर राहतो. म्हणजे ती उतरत्या तळावर तोललेली असते. कलायला लागली की कोपरा पाण्याला टेकेपर्यंत तिला अडवणारं फारसं काही नसतं. पांढरीचा कोपरा मागच्या दोन-तृतीयांश लांबीत आधीच पाण्यात बुडलेला. पाण्याच्या रेषेवरची रुंदी बोटीला किती धरून ठेवते, ते त्या रुंदीच्या घनावर ठरतं. रुंदी दहा टक्क्यांनी वाढली तर हा आधार तेहतीस टक्क्यांनी वाढतो. कागदावर जे दहा सेंटिमीटर मी ओलांडून गेलो होतो, ते पाण्याच्या रेषेवर त्याहून बरेच जास्त निघतात, आणि त्यांचा घन होतो. तिथेच तीन अंश पडले होते.

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. हा जो लाट चिरणारा, टोकापर्यंत उतरता तळ आहे, तो गाजला १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत. खवळलेल्या समुद्रात ‘मॉपी’ नावाची बोट पहिली आली आणि तिच्यावरूनच पुढे बर्ट्रम ३१ ही बोट आली. ‘मॉपी’ आखणारा रेमंड हंट. आणि १९५८ ची बॉस्टन व्हेलरची १३ फुटी बोट, जी काठावर माणसं उभी राहिली तरी उलटत नाही म्हणून प्रसिद्ध झाली, तिच्या तळालाही त्याच हंटचा हात लागलेला. म्हणजे आमच्या घरात जो वाद चालला होता, त्याच्या दोन्ही बाजू एकाच माणसाने मांडून ठेवल्या होत्या.

घरी आल्यावर मी नोंदवही काढली. गेल्या हंगामात आम्ही ३८ वेळा पाण्यावर गेलो, एकूण २९० तास. इंजिनाच्या मीटरवर तासांची वाढ ७१, आणि त्यातलाही बराच वेळ कासवगतीने फिरण्यात गेलेला. उरलेले २१९ तास बोट उभी होती किंवा वाहत होती, आणि आम्ही दोघे तिच्या काठाशी उभे होतो. मी बोट निवडत होतो ती पळण्याच्या वेळेसाठी, आणि वापरणार होतो न पळण्याच्या वेळेसाठी.

तरी कंबरेचा प्रश्न उरतोच. तो दादाने सोडवला नाही, घड्याळाने सोडवला. आमची नेहमीची जागा ६ सागरी मैलांवर आहे. २० नॉटने १८ मिनिटं, १३ नॉटने २८. फरक दहा मिनिटांचा. आणि इथे पांढरीच्या सपाट तळाचा एक गुण उपयोगी पडतो, तो म्हणजे ती कमी वेगातही पाण्यावर टिकून राहते. आमच्या वजनासकट निळी १३ नॉटच्या खाली आली की बसायची, नाक वर, मागे पाण्याचा डोंगर, पेट्रोल जास्त. पांढरी साडेदहापर्यंत धावत राहिली. समोरून लाट असेल तर इंजिन आत ट्रिम करायचं, म्हणजे त्याचा खालचा भाग बोटीकडे कलवायचा, मग नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली येते आणि तळाचा पुढचा धारदार भाग लाटेला आधी भिडतो. १२-१३ नॉटला ती आपटत नाही, फार तर कुरकुरते. वेग मला कमी करता येतो. उभी बोट आणखी स्थिर करायचा दांडा कुठेही नसतो.

आता बाकीच्या गोष्टी, ज्या माहितीपत्रकात नसतात आणि ज्यांसाठी मी दोन्ही बोटींत पोटावर झोपलो.

काठाची उंची. डेकपासून निळीचा काठ ५८ सेंटिमीटर, माझ्या गुडघ्याच्या थोडा वर. पांढरीचा ६६, म्हणजे मांडीला टेकतो. गुडघ्याला लागलेला काठ माणसाला बाहेर ढकलतो, मांडीला लागलेला धरून ठेवतो. शिवाय पांढरीत काठाखाली पाय सरकवायला मोकळी जागा आहे, बोटं आत अडकवून वाकता येतं. निळीत तिथे सुंदर, झाकणवाले कप्पे आहेत. फोटोत छान दिसतात.

डेकवरचं पाणी. दोन्ही बोटींच्या डेकवर आलेलं पाणी मागच्या भोकांतून आपोआप बाहेर जातं, असं लिहिलेलं आहे. आम्ही दोघे मागच्या कोपऱ्यात उभे राहिलो, जिथे १७० किलोच्या आसपासचं इंजिन आधीच लटकलेलं आहे, तेव्हा निळीत त्याच भोकांतून समुद्र आत आला. दादाचे मोजे भिजले. पांढरीत भोकं पाण्याच्या चार बोटं वर होती. ही परीक्षा करायला एक मिनिट लागतं, आणि तो कोपरा बोटीतला सर्वांत जास्त वापरला जाणारा कोपरा आहे.

दोर बांधायची कडी. निळीची पुढची कडी नट-बोल्टची, खाली धातूची पट्टी, एक नंबर. पांढरीच्या मागच्या दोन कड्या मात्र नुसत्या स्क्रूवर होत्या. फोन कप्प्यात घालून फोटो काढला तेव्हा कळलं. घेताना अट घातली, त्यांनी पट्ट्या लावून दिल्या. असं काही सापडलं तर लाजू नका, सह्या होण्याआधी सगळे प्रेमळ असतात.

टाकी. निळीत टाकीवरचा डेक फायबरने कायमचा बंद केलेला. गेजचा सेन्सर बिघडला किंवा नळी चिरली तर डेक कापायचा. पांढरीत स्क्रूवाली मोठी फळी आहे, ती काढली की टाकीचं तोंड, नळ्या, सगळं हाताला लागतं. आधीच्या बोटीत गेजसाठी एक रविवार घालवल्यामुळे मला हा मुद्दा इतरांपेक्षा जरा जास्त मोठा वाटत असेल.

फोम दोन्हीकडे आहे, बोट भरली तरी बुडणार नाही असं दोघेही म्हणतात. बॉस्टन व्हेलरवाल्यांनी १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकासाठी पाण्यावर तरंगत्या बोटीचे करवतीने दोन तुकडे करून दाखवले होते. आमच्या विक्रेत्यांपैकी कोणी तशी तयारी दाखवली नाही.

तर प्लायवूड. माझ्या शपथेचं काय झालं? दोन्ही ट्रान्सम प्लास्टिकच्या हातोडीने इंच इंच ठोकून पाहिले. चांगल्या जागी ‘टक’ असा कोरडा आवाज येतो, आत ओल किंवा सुटलेला थर असेल तर ‘भद्’ असा मेलेला. दोन्ही बोटी नव्या, दोन्हीकडे टकटकच. मग शांतपणे विचार केल्यावर पटलं की आधीच्या बोटीचा दोष लाकडाचा नव्हता. नीट मढवलेलं प्लायवूड वर्षानुवर्षं टिकतं, कुजवतं ते उघडं भोक. स्क्रूच्या वाटेने पाणी आत जातं आणि फायबर त्याला बाहेर पडू देत नाही. भोक पाडायचंच झालं तर ते आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीने पूर्ण भरायचं, ते वाळलं की त्या इपॉक्सीत लहान भोक पाडायचं. मग स्क्रूचा लाकडाशी संबंधच येत नाही. तरी मी तेवढ्यावर थांबलो नाही. पांढरीच्या ट्रान्समवर मरीन ॲडहेसिव्हने प्लास्टिकचा एक जाड ठोकळा चिकटवून घेतला आणि सेन्सर त्या ठोकळ्यात स्क्रू केला. ट्रान्समला आमचं एकही भोक नाही. इंजिनाच्या बोल्टांभोवतीचं सीलंट मात्र दर हंगामाला तपासायचं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.

पांढरी घेतली त्याला वर्ष झालं. इंजिनाची २० तासांची पहिली आणि १०० तासांची दुसरी सर्व्हिस झाली. सुरुवातीला पूर्ण वजनासह पूर्ण थ्रॉटल दिला तरी इंजिनाचे फेरे मिनिटाला ५३०० च्या वर जात नव्हते. या इंजिनाची हद्द ५००० ते ६०००, आणि वजन लादलेलं असताना वरच्या बाजूला असणं चांगलं. आधी इंजिन एक भोक वर चढवलं, म्हणजे पाऊण इंच, आणि मग पाण्यातल्या पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर, एक इंचाने कमी केली. आता ५७०० मिळतात. हे बोट देतानाच व्हायला हवं होतं. दुकानात बसवून दिलेला पंखा रिकाम्या बोटीसाठी निवडलेला असतो, कारण रिकाम्या बोटीवर तो वेगाचा मोठा आकडा दाखवतो.

तक्रारी आहेत. बोट नांगरून पडलो असताना छोट्या लाटा तळाच्या त्या बुडालेल्या कोपऱ्याखाली चपाक-चपाक असा आवाज करतात, दिवसभर. निळी या बाबतीत शांत होती. मासे त्या आवाजाने पळतात असं दादा म्हणतो. मला वाटतं ज्या दिवशी काही लागत नाही त्या दिवशीच तो हे म्हणतो. बाजूने वारा असला की तुषार थेट कन्सोलवर येतात, आणि चालवणारा मी असल्यामुळे ते माझ्या चष्म्यावर येतात. पुढच्या कप्प्याचं झाकण पहिल्या महिन्यातच करकरायला लागलं. तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा आपोआप चालणारा स्विच इतका आत बसवला आहे की त्याला हात लावायला आरसा लागतो. आणि दोनदा, घाईच्या दिवशी, मी १८ नॉटने परत आलो आणि दुसऱ्या दिवशी उताणा पडून राहिलो.

तुम्ही रोज लांब जात असाल, ३०-४० मैल, आणि पोचल्यावर मागे ओढीच्या दोऱ्या सोडून चालतच राहणार असाल, तर माझं काही ऐकू नका. निळी घ्या. ती उत्तम बोट आहे, तिच्यात २० नॉटला गप्पा मारता येतात. फक्त गडद निळ्या जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या रंगीत थरावर, दरवर्षी पॉलिशचा हात फिरवायची तयारी ठेवा; उन्हाने तो रंग पांढरट पडतो आणि फायबरची वीण वरून दिसायला लागते.

आमच्यापुरतं सांगायचं तर दादा आता कडं धरत नाही. मागच्या कोपऱ्यात मांड्या काठाला टेकवून, पायाची बोटं आत घालून तो दोन-दोन तास उभा असतो. मला समोरच्या लाटेत नाळ आणखी खाली धरायला ट्रिम टॅब, म्हणजे ट्रान्समला खाली लावायच्या हलत्या पट्ट्या, बसवायचे आहेत, कंबरेसाठी. माहितीपत्रक आणून त्याला दाखवलं. त्याने चष्मा लावून चित्रातली ट्रान्सममधली स्क्रूची भोकं मोजली. दोन्ही बाजूंची मिळून अठरा. मग कागद घडी करून खिशात घातला, अजून परत दिलेला नाही.